मागचं वजन

पुढच्या बकेटमध्ये ओली वाळू भरली
की आमचा ट्रॅक्टर नाक खाली घालायचा
आणि मागची दोन्ही चाकं
वेसाव्याच्या किनाऱ्यावर वीतभर अधांतरी फिरायची.
पोरं टाळ्या वाजवायची.
मी वर, स्टिअरिंगला लटकलेला,
चतुर्थीच्या चंद्रासारखा, कुणी बघू नये असा.

आधी गोणी बांधून पाहिल्या.
वाळूच्या सहा, काथ्याने.
दुपारपर्यंत तीन फुटल्या,
म्हणजे किनारा साफ करता करता
मी मागे किनाराच सांडत गेलो.

पास्कल म्हणाला, लोखंडाची पेटी कर.
पास्कलची शेड बर्फाच्या कारखान्यामागे,
तिथे वेल्डिंगच्या ठिणगीलाही सुकटीचा वास येतो.
त्याने फरशीवर खडूने आखली:
तळाला चॅनल, चहूबाजूंनी सहा एमएमचा पत्रा,
खाली दोन पिना, वर एक,
लिंकच्या तिन्ही हातांना धरायला.
"आणि आत?"
"आत काय, जड काहीतरी.
तुझ्या सासऱ्याचं बोलणं घाल."

दारूखान्यात फिदाअलींकडे गेलो.
नांगराच्या साखळ्या होत्या, बोटीचा पंखा होता.
महाग.
शेवटी त्यांनी कोपऱ्यातली ताडपत्री उचलली.
बिडाच्या लाद्या, चोपड्यांसारख्या उभ्या.
"लिफ्टचं वजन. गिरगावची बिल्डिंग पाडली, तिथलं.
माणसं वर गेली की हे खाली,
माणसं खाली आली की हे वर.
साठ वर्षं चाललं. आता किलोवर."

बारापर्यंत नंबर, पांढऱ्या रंगाने कडेवर काढलेले.
लाद्या अकरा.
सातवी नव्हती.

माझी आई गिरगावात धुणीभांडी करायची, चौथ्या मजल्यावर.
लिफ्टच्या दारावर पाटी होती:
नोकरांनी जिना वापरावा.
या त्याच बिल्डिंगच्या लाद्या असं मी म्हणत नाही,
गिरगावात चौथे मजले पुष्कळ.
पण रात्री जेवताना तिला विचारलं.
"दिसायचं की जाळीतून," ती म्हणाली.
"मालक वर निघाले की ते खाली यायचं.
दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे गाठ पडायची आमची."
आणि भाकरी मोडली.

पहिली पेटी दोन इंच रुंद झाली.
टायरला घासली, रबर जळलं.
माप मी घेतलं होतं,
बायकोच्या शिवणाच्या टेपने.
पास्कलने शिव्या दिल्या, पेटी कापली,
पुन्हा शिव्या दिल्या, पुन्हा जोडली.
उरलेल्या पाइपांचे तुकडे मागच्या अंगाला उभे डागले:
एकात फावडं, एकात दाताळं, एकात पहार,
तुटकी जाळी कापायचा कोयता आडवा.
ग्रीसगनला कप्पा करणार होता,
तेवढ्यात रॉड संपले.
ग्रीसगन अजून माझ्या सीटखालीच असते.

रेड ऑक्साइडचे दोन हात मारले.
लाद्यांना लावला नाही. नंबर राहू दे म्हटलं.

सोमवारी ओहोटीला बकेट काठोकाठ भरली:
वाळू, चपला, थर्माकोल,
कुठल्याशा देवीचा अर्धा चौरंग.
लिव्हर ओढला.
मागची चाकं जमिनीवर.
इतकं साधं झालं
की टाळ्यांसाठी थांबलेली पोरं
चिडून निघून गेली.

आई आली होती बघायला.
पेटीभोवती फिरली, पाइप हलवून पाहिले,
कडेवरचे नंबर बोटाने वाचत गेली.
तिला आकडे तेवढे वाचता येतात.
"सातवी कुठाय?"
मी खांदे उडवले.
ती काही बोलली नाही. पदर खोचला,
चॅनलवर पाय दिला
आणि लाद्यांवर मांडी घालून बसली.
"वर घे."
"आई, हे काय..."
"घे म्हटलं ना."

हायड्रॉलिक दोनच फूट उचलतं.
फावडं, दाताळं, पहार किणकिणली,
आणि ती वर गेली, वजनासकट,
समुद्राकडे तोंड करून,
एक हात पहारीवर.

"चौथा आला," म्हणाली,
"की सांग."